गुप्त टॅब : मोबाईल काय विसरतो, काय विसरत नाही



"सर, काया टॅबात पाह्यलं तं कोणालेच दिसत नाही!" पाचवीतल्या एका पोरानं मधल्या सुट्टीत मला हे ज्ञान दिलं. घरात मोबाईल एकच, तोही बाबांचा, म्हणून ही युक्ती. मी रागावलो नाही, कारण तेव्हा मलाही ते अर्धवटच माहीत होतं.

क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांवर दाबलं की 'नवीन गुप्त टॅब' दिसतं. स्क्रीन काळी होते आणि टोपी-चष्म्याचं चित्र येतं. फायरफॉक्स आणि सफारीमध्येही अशी खाजगी टॅबची सोय आहे.

वर्गात मी हे वही आणि पाटीवरून समजावतो. साधी टॅब म्हणजे वही. कोणती साईट पाहिली, काय शोधलं, कुठे लॉगिन केलं, सगळं लिहिलेलं राहतं. गुप्त टॅब म्हणजे पाटी, काम झालं की पुसायची. पण पाटी कधी पुसली जाते? इथेच माझी चूक झाली होती.

एकदा एका पालकाच्या मोबाईलवर मी गुप्त टॅबमध्ये शाळेचा ईमेल उघडला. काम झालं, होम बटण दाबलं, मोबाईल परत दिला. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, "सर, तुमचा मेल उघडाच आहे इथं." त्या मेलमध्ये मुलांच्या आधार क्रमांकांची यादी होती. माणूस भला म्हणून निभावलं.

झालं काय, तर होम बटण दाबल्याने टॅब बंद होत नाही, फक्त मागे जाते. शिवाय क्रोममधल्या सगळ्या गुप्त टॅब मिळून एकच पाटी असते. एका टॅबमध्ये लॉगिन केलं की दुसऱ्या गुप्त टॅबमध्येही ते चालू दिसतं. एक टॅब बंद करून भागत नाही, शेवटची गुप्त टॅब बंद झाली की मगच पाटी पुसली जाते. अँड्रॉइडवर वरून बोट खाली ओढलं की सर्व गुप्त टॅब बंद करायची सूचना दिसते, तिथे दाबायचं. सेटिंग्जच्या गोपनीयता विभागात गुप्त टॅबला बोटाच्या ठशाचं कुलूप लावायची सोयही आहे. मी त्या दिवसापासून आधी लॉगआऊट करतो, मग टॅब बंद.

पुसल्यावरही काही गोष्टी उरतात. डाउनलोड केलेली फाईल मोबाईलमध्येच राहते. जतन केलेलं बुकमार्कही राहतं. आणि गुप्त टॅबमध्ये आपल्या गुगल खात्यात लॉगिन करून काही शोधलं, तर ते त्या खात्यात नोंदलं जाऊ शकतं.

आता त्या पोराचं 'कोणालेच'. मोझरीवरून अमरावतीला एसटीनं गेलो आणि घरी येऊन तिकीट फाडून टाकलं, तर घरच्यांना कळणार नाही. पण कंडक्टरच्या मशीनमध्ये नोंद झालीच, आणि जिथे गेलो तिथल्या लोकांनीही पाहिलंच. तसंच इथे आहे. कोणती साईट उघडली हे सिमकार्डच्या कंपनीला किंवा वायफाय चालवणाऱ्याला कळू शकतं. त्या साईटला तर आपण आलो हे दिसतंच.

हा गैरसमज फक्त आपल्याकडच्या पोरांचा नाही. गुप्त मोडमध्येही माहिती गोळा होते म्हणून अमेरिकेत २०२० साली गुगलवर खटला झाला. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि जुनी माहिती नष्ट करायचं गुगलनं कबूल केलं. काळ्या पानावरची सूचनाही त्यांना बदलावी लागली. ती सूचना आपण कोणीच वाचत नाही, ही गोष्ट वेगळी!

पालकांसाठी एक : मुलाचं गुगल खातं फॅमिली लिंकने जोडलेलं असेल तर त्या खात्यावर क्रोमची गुप्त टॅब उघडतच नाही. पण बाबांच्या मोबाईलवर बाबांचंच खातं असतं, तिथे ही सोय कामाची नाही. तिथे पोराजवळ बसावंच लागतं.

वर्गात दाखवायला दहा मिनिटं पुरतात. स्वतःच्या मोबाईलवर दोन गुप्त टॅब उघडा आणि एकीत ईमेलचं लॉगिन करा. दुसरीत तीच साईट उघडून मुलांना विचारा, पासवर्ड मागेल का? माझ्या वर्गात बहुतेक हात 'मागेल' म्हणून वर गेले होते. नंतर सगळ्या गुप्त टॅब बंद करा, पुन्हा एक नवी उघडा आणि तोच प्रश्न परत विचारा.