परत फिरण्यात कमीपणा नाही

लेक आणि जावई बर्गनला राहतात, त्यामुळे गेल्या सहा वर्षांत नॉर्वेला तीन वेळा जाणं झालं. दोनदा उन्हाळ्यात, एकदा फेब्रुवारीत. परतल्यावर ओळखीच्यांचा पहिला प्रश्न असतो तो चोरीमारीचा. त्याची तिथे फारशी धास्ती नाही. रात्री अकराच्या बसने एकट्या मुली निर्धास्त घरी जाताना मी पाहिल्या आहेत. सांभाळावं लागतं ते डोंगरात, पाण्याजवळ, बर्फावर आणि रस्त्यावर. आमच्या नाशिकच्या डोंगरांत वाट चुकली तर एखादा गुराखी भेटतो, वाडीतली मावशी हात करून पायवाट दाखवते. तिथे तासन्‌तास चाललं तरी माणूस दिसत नाही. त्या गुराख्याचं आणि मावशीचं काम आपल्या तयारीने करावं लागतं. ते कसं, हे मी हळूहळू शिकले. निघणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

१. कुठे जाणार आणि कधी परतणार, हे कुणाला तरी सांगून निघा.

नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत आणि ते शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत तिथल्या डोंगरांत अठरा माणसं दगावली, त्यानंतर हे नियम घरोघरी पोहोचवण्याची मोठी मोहीम झाली. पहिलाच नियम आहे : बेत आखा आणि निघताना सांगून जा. १८६८ पासून काम करणाऱ्या तिथल्या पर्यटन संघटनेच्या डोंगरातल्या झोपड्यांत एक वही ठेवलेली असते. तिच्यात आपलं नाव आणि पुढचा मुक्काम लिहायचा. कुणी हरवलं तर शोध घेणारे आधी ती वही उघडतात. आम्ही दोघं फिरायला निघताना लेकीला वाट आणि परतायची वेळ लिहून पाठवायचो, आणि परतल्यावर आठवणीने ‘आलो’ म्हणून कळवायचो. हा दुसरा निरोप विसरलात तर तुम्ही घरी चहा पीत असताना तिकडे शोधाशोध सुरू होऊ शकते.

२. आकाशाकडे बघण्याआधी अंदाज बघा.

बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. सकाळी लख्ख ऊन असलं तरी दुपारचा भरवसा नाही. तिथली हवामान संस्था आणि सरकारी दूरदर्शन मिळून ‘यर’ नावाचं अ‍ॅप चालवतात. त्यात तासातासाचा पाऊस आणि वारा दिसतो, आणि शहराचाच नव्हे तर त्या-त्या शिखराचा अंदाजही मिळतो. मी सुरुवातीला फक्त शहराचा अंदाज बघत असे. ते चुकीचं होतं. खाली झुळूक असते तेव्हा सहाशे मीटरवर वाऱ्याने पाय ठरत नाही. हिवाळ्यात डोंगरात जायचं असेल तर ‘वारसोम’ या सरकारी संकेतस्थळावर हिमकडे कोसळण्याचा इशारा आधी वाचावा.

३. सुती कपडे शहरापुरते ठेवा.

आपल्याकडे सुती कपड्यांसारखं सुख नाही. तिथल्या डोंगरात तेच घातक ठरतात. सुती कापड घाम आणि पाऊस पिऊन घेतं, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेतं. पहिल्या खेपेला जुलैमध्ये मी जीन्स आणि सुती कुडत्यावर डोंगर चढले. वर पाऊस आला, वारा सुटला आणि अर्ध्या तासात बोटं इतकी बधिरली की सॅकची चेन उघडेना. लेकीने तिच्याजवळचा कोरडा लोकरीचा बनियन दिला म्हणून निभावलं. तेव्हापासून अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर उबदार थर, वर पाऊस-वारा अडवणारं जाकीट, आणि सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत मोज्यांसह एक कोरडा जोड, एवढं ठरलेलं. दोन तासांची भटकंती असली तरीही.

४. वेळेत परत फिरा.

नऊ नियमांतला आठवा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. नॉर्वेजियन माणसाच्या तोंडी तो म्हणीसारखा असतो : ‘दे एर इंगेन स्काम ओ स्नू’, परत फिरण्यात कमीपणा नाही.

बर्गनभोवती सात डोंगर आहेत. त्यांतला सर्वांत उंच उल्रिकेन, ६४३ मीटरचा. वर रोपवे जातो, आणि पायी जाणाऱ्यांसाठी नेपाळी शेर्पांनी बांधलेल्या दगडी पायऱ्याही आहेत. उल्रिकेनवरून फ्लॉयेन या दुसऱ्या डोंगरापर्यंत विडेन नावाच्या उघड्या पठारावरून पाचेक तासांची वाट जाते. दगडांच्या राशी वाट दाखवत राहतात. कळसूबाई-रतनगड पालथे घातलेल्या आम्हा दोघांना ही वाट सोपी वाटली होती. सव्वा तास चाललो आणि धुकं उतरलं. एका राशीपाशी उभं राहिल्यावर पुढची रास दिसेना. ‘थोडं पुढे गेलं की दिसेल,’ हे म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं, कारण एवढ्या लांबून येऊन अर्ध्यावर सोडायचं मन होत नव्हतं.

तेवढ्यात समोरून सत्तरीच्या एक बाई आल्या. फ्लॉयेनहून निघाल्या असतील असं वाटलं, पण त्या आमच्याच बाजूने पहाटे निघून पुढून परत फिरलेल्या होत्या. जन्म बर्गनमध्ये गेलेला, ही वाट कितीतरी वेळा चाललेल्या. त्यांनी ते वाक्य म्हटलं, मग इंग्रजीत समजावून सांगितलं आणि आम्हाला सोबत घेऊन उल्रिकेनकडे वळल्या. मागची रास अजून दिसत होती, हे त्यांनी बोट करून दाखवलं. पुढची खूण दिसेनाशी होते, पण मागची दिसत असते, तीच परत फिरण्याची वेळ. मागचीही दिसेनाशी झाल्यावर फिरायचं म्हटलं तरी कुठे फिरणार?

५. दोरी ओलांडू नका.

तिथे अनेक प्रसिद्ध कड्यांवर कठडा नसतो. लीसेफ्योर्डवरचा प्रेकेस्टूलेन हा सपाट माथ्याचा कडा पाण्यापासून ६०४ मीटर उंच आहे, आणि काठावर उभं राहायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. जिथे इतकं स्वातंत्र्य दिलेलं आहे, तिथे एखाद्या जागी दोरी किंवा पाटी लावली असेल तर तिला भक्कम कारण असणार, हे लक्षात ठेवावं. हिमनदीच्या तोंडापाशी अशी दोरी असते. निळसर बर्फाची ती भिंत स्थिर दिसते, पण आतून सतत सरकत असते आणि आवाज न देता तुकडा सुटतो. २०१४ मध्ये नीगार्सब्रेन या हिमनदीवर एका जर्मन दांपत्याचा असाच मृत्यू झाला. त्यांची मुलं तिथेच होती. त्या दोरीपाशी उभं राहून मी फोटोसाठी पलीकडे गेलेली माणसं पाहिली आहेत. बर्फावर चालायचंच असेल तर वाटाड्याबरोबर, दोर बांधून आणि काटेरी बूट घालून जा.

६. रस्त्यावर कानांवर विसंबू नका.

आपण रस्ता निम्मा कानांनी ओलांडतो. हॉर्न आला की थांबायचं, ही सवय. नॉर्वेत नव्याने विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या विजेवरच्या आहेत. त्या फारसा आवाज न करता येतात, हॉर्न कुणी वाजवत नाही, आणि वाहतूक उजव्या बाजूने. म्हणून आधी डावीकडे बघायचं. झेब्रापट्ट्यांवर गाड्या थांबतात, तरी चालकाशी नजरानजर झाल्याशिवाय पाऊल टाकू नये.

गाडी चालवणाऱ्यांनी दिवसाही दिवे चालू ठेवायचे असतात. रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.२ प्रति हजार इतकी कमी आहे, म्हणजे एका पेल्यानंतरही चावी दुसऱ्याच्या हाती द्यावी. लॅर्दालचा बोगदा साडेचोवीस किलोमीटरचा आहे. चालकाला गुंगी येऊ नये म्हणून आत निळ्या उजेडाच्या तीन गुहा केल्या आहेत. उन्हाळ्यात रात्री अकरालाही उजेड असतो. उजेड असला म्हणून अंगात त्राण असतं असं नाही, तेव्हा मुक्काम घड्याळ बघून करावा.

७. हिवाळ्यात पायाला काटे, अंगाला चमक.

फेब्रुवारीत रात्रीचं पाणी फुटपाथवर गोठतं आणि डांबरासारखंच काळं दिसतं. बुटाखाली अडकवायचे काटे, ज्यांना तिथे ‘ब्रोडर’ म्हणतात, वाण्याच्या दुकानातही मिळतात. पोहोचल्या दिवशी घ्या. जाकिटाला लटकवायचा परावर्तक तर लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे वापरतात. अंधारात गडद कपड्यांतला माणूस चालकाला जेमतेम २५-३० मीटरवरून दिसतो, परावर्तक असला तर साधारण १४० मीटरवरून.

८. नंबर पाठ, औषधं हाताशी.

आगीसाठी ११०, पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी ११३. जीवावरचं नसेल, पण डॉक्टर लगेच हवा असेल तर ११६ ११७. याला ‘लेगेवाक्त’ म्हणतात. ‘येल्प ११३’ हे अ‍ॅप फोन लावतानाच आपलं ठिकाण कळवतं. परक्या मुलखात गावाचं नाव उच्चारता येत नसताना त्याची किंमत कळते. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ औषधाचं नाव लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच खाण्यापिण्याचं बघून ठेवावं. ओस्लोचं मोठं स्टेशन आणि बर्गनचा मासळीबाजार अशा गर्दीत पासपोर्ट आणि पाकीट पुढच्या बाजूला, एवढं पुरे.

गेल्या पावसाळ्यात आमचा गट रतनगडला निघाला होता. पहिल्या शिडीपाशी पोहोचलो तेव्हा धुकं असं दाटलं की शिडीचं वरचं टोक दिसेना, आणि कड्यावरून पाणी उतरत होतं. मी परत फिरायचं म्हटलं. तरुण मुलं क्षणभर हिरमुसली, म्हणून त्यांना विडेनवरच्या बाईंची गोष्ट सांगितली. मग सगळे उतरलो, रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेतलं, आणि ज्यांना ज्यांना ‘रात्रीपर्यंत येतो’ म्हणून सांगितलं होतं त्यांना फोन लावले : आलो.