नैराश्य, स्मरणशक्ती आणि एकाग्रतेचा सराव

'वाचलेले लक्षात राहत नाही' ही तक्रार अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींकडून आम्ही नेहमी ऐकतो. पुष्कळदा तिचे कारण जागरण, अवेळी जेवण किंवा हाताशी असलेला मोबाईल हे असते. परंतु काही वेळा या साध्या तक्रारीमागे नैराश्याचा आजार दडलेला असतो. तो ओळखला गेला नाही तर हुशार विद्यार्थी स्वतःलाच 'ढ' समजू लागतो आणि शिक्षणाला कायमचा मुकतो. म्हणूनच या विषयाची माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा आमच्या चांगला परिचयाचा होता. वडील वारल्यानंतर काही महिन्यांतच त्याची झोप उडाली, बोलणे कमी झाले. एकच पान तो चार-चार वेळा वाचायचा आणि पुस्तक मिटून बसायचा. 'जरा मन लावून बस' असे आम्हीही त्याला सांगितले. हा सल्ला चुकीचा होता, हे आज कबूल केले पाहिजे. पुढे दवाखान्यात उपचार सुरू झाले. झोप व भूक सुधारली, चेहराही उजळला, परंतु वाचलेले डोक्यात राहीना. 'बरा झालास ना, मग आता काय?' असे घरचे विचारू लागले आणि त्याने परीक्षेचा नादच सोडून दिला.

असे का व्हावे? नैराश्य म्हणजे केवळ दुःख नव्हे. विचार करण्याची व लक्ष केंद्रित करण्याची क्षमता कमी होणे हे या आजाराचेच एक लक्षण आहे. डॉक्टर वापरतात त्या 'पीएचक्यू-९' या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत, वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष लागते का, असा स्वतंत्र प्रश्नच आहे. तसेच मन प्रसन्न झाल्यावरही हा त्रास काही जणांच्या बाबतीत मागे उरतो. हातावरचे प्लास्टर काढले तरी हातात लगेच पहिली ताकद येत नाही, तसेच हे आहे.

याची कारणे समजून घेऊ. आपल्या मनात एक छोटी पाटी असते. तिला मानसशास्त्रात 'कार्यस्मृती' म्हणतात. वाक्याचा शेवट वाचेपर्यंत त्याची सुरुवात याच पाटीवर राहते. तिच्यावर एका वेळी साधारण सात गोष्टी मावतात, असे जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले. पुढील संशोधनात हा आकडा चारच्या आसपास आला. नैराश्यात 'माझ्याने होणार नाही', 'माझेच चुकले' हे विचार पुनःपुन्हा येऊन ही पाटी भरून टाकतात. मग धड्याला जागा उरत नाही. म्हणजे मुलगा वाचलेले विसरला असे नसून ते मुळात नीट नोंदलेच गेले नाही, असे अनेकदा घडते.

दुसरे कारण आठवणींच्या स्वरूपात आहे. ब्रिटनमधील मार्क विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्याने १९८६ साली आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. एखादा विशिष्ट प्रसंग आठवायला सांगितला असता हे रुग्ण मोघम उत्तरे देत. उदाहरणार्थ, 'सुट्टीत मामाकडे जायचो' एवढेच आठवते, परंतु त्यातील एखादा दिवस डोळ्यांपुढे येत नाही. पूर्वी एखादी अडचण आपण कशी सोडवली, हे तपशिलासह आठवले नाही तर आजची अडचण डोंगराएवढी वाटते.

या दुबळेपणावर सरावाने बराच इलाज करता येतो. संगणकावरील सरावाच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्यग्रस्तांचे लक्ष व कार्यस्मृती सुधारल्याचे आणि आजाराची तीव्रताही काहीशी कमी झाल्याचे दिसले. मात्र शब्दांची स्मृती व नियोजनाची क्षमता यांत ठळक फरक आढळला नाही. 'बुद्धी वाढवणारे खेळ' विकणाऱ्यांच्या जाहिरातींवर मात्र विसंबू नये. पुरेशा पुराव्याविना दावे केल्याच्या आरोपावरून अमेरिकेत 'ल्युमॉसिटी' या खेळाच्या कंपनीने त्याच वर्षी वीस लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. खेळात पटाईत होणे वेगळे आणि धडा लक्षात राहणे वेगळे. सरावाचा उपयोग रोजच्या कामात झाला पाहिजे.

घरी, विनाखर्च करता येण्यासारखा सराव असा :

१) अभ्यासाला दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. घड्याळ लावावे, एकच पुस्तक समोर ठेवावे. हे जमू लागले की दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत.

२) बसण्यापूर्वी मनातील काळज्या व राहिलेली कामे कागदावर उतरवावीत, म्हणजे पाटी थोडी मोकळी होते.

३) एक परिच्छेद वाचून पुस्तक मिटावे आणि आठवेल ते लिहावे. रोडिगर व कारपिक यांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिले.

४) उजळणी एकाच रात्री न करता दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी व आठवड्याने करावी.

५) रात्री झोपण्यापूर्वी दिवसातील एकच प्रसंग तपशिलाने लिहावा. जागा कोणती, सोबत कोण, कोण काय बोलले. मोघम आठवणी नेमक्या करण्याचा असाच सराव बेल्जियममध्ये नैराश्याच्या रुग्णांना गटाने देण्यात आला. त्यांच्या आठवणी अधिक नेमक्या झाल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.

घरच्यांनी एका वेळी एकच काम सांगावे आणि ते लिहून द्यावे. 'विसरलास ना पुन्हा?' हा प्रश्न मात्र कटाक्षाने टाळावा.

एक गोष्ट बजावून सांगतो. हा सराव उपचाराच्या जोडीला आहे, उपचाराऐवजी नाही. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व रक्तक्षय यांमुळेही विसराळूपणा येतो, म्हणून तपासणी आवश्यक आहे. वृद्धांचे नैराश्य कधी कधी 'म्हातारचळ' समजून सोडून दिले जाते, हेही ध्यानात असावे. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही न थांबता जवळच्या माणसाला सांगावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

त्या मुलाने पुढे दहा मिनिटांपासूनच सुरुवात केली. त्या वर्षी तो दोनच विषयांना बसला, उरलेले त्याने पुढील वर्षी सोडवले. वेळ लागला, पण शिक्षण सुटले नाही. आपल्या घरात, शेजारी किंवा अभ्यासिकेत कोणी पुस्तक उघडून नुसतेच बसलेले दिसले, तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याच्याजवळ बसून चौकशी करावी, एवढीच आमची विनंती आहे.