पायांचा पहारेकरी



मिरकरवाडा बंदरावरून घरी येताना तुमच्या चपलेत खडा शिरला, तर तुम्ही काय करता? लगेच थांबता, चप्पल झटकता आणि पुढे चालू लागता. हे तुम्हांला कोणी शिकवले? वेदनेने. वेदना कोणालाच आवडत नाही. पण वेदना म्हणजे आपल्या शरीराचा पहारेकरी!

आता कल्पना करा, हा पहारेकरी झोपी गेला आहे. खडा दिवसभर टोचत राहतो, पण त्या माणसाला काहीच कळत नाही. रात्री चादरीवर रक्ताचा डाग दिसतो, तेव्हा घरचे दचकतात. मधुमेहाच्या अनेक रुग्णांच्या बाबतीत असेच घडते.

असे का होते? रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की पायांतील मज्जातंतू दुबळे होतात. पायांना मुंग्या येतात, आग होते आणि हळूहळू पाय बधिर होतात. चालताना स्लिपर पायातून निसटून मागे राहते, तरी समजत नाही. काहींच्या पायांना रक्तही कमी पोहोचते. मग लहानशी जखम भरत नाही. ती चिघळते, कधी हाडापर्यंत जाते आणि प्राण वाचवण्यासाठी पाय कापावा लागतो.

वेदनेचे हे महत्त्व डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला पटवून दिले. ते १९४६ साली वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगामुळेच झडतात, असे तेव्हा लोक समजत. बधिर हातापायांना लागलेले, भाजलेले कळत नाही, म्हणून ती झिजतात, हे डॉ. ब्रँड यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत त्यांनी हेच ज्ञान मधुमेही रुग्णांचे पाय वाचवण्यासाठी वापरले.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. अब्बास यांनी ‘स्टेप बाय स्टेप’ या उपक्रमात पुढाकार घेतला. २००४ पासून या उपक्रमात डॉक्टर आणि त्यांचे सहायक यांना जोडीने पायांची निगा शिकवण्यात आली. रुग्णाला समजावून सांगणे हाही त्या शिक्षणाचा एक भाग होता. कारण डॉक्टर रोज घरी येत नाहीत. रोजची काळजी घरातच घ्यावी लागते.

येथे तुमचे काम सुरू होते. तुमच्या आजोबांना किंवा दादींना मधुमेह असेल, तर त्यांना वाकता येत नसेल, नीट दिसतही नसेल. तुमची नजर मात्र तीक्ष्ण आहे. वजू करताना दिवसातून पाच वेळा पाय धुतले जातात. पण आपण ते नीट पाहतो का? रात्रीच्या नमाजानंतर पाच मिनिटे त्यांच्यापाशी बसा. तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा. चीर, फोड, लाली, सूज किंवा काळा डाग दिसला, तर लगेच मोठ्यांना सांगा.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा :

१. पाय धुतल्यावर बेचक्या मऊ फडक्याने कोरड्या कराव्यात. कोकणातल्या पावसात त्या ओल्या राहतात आणि चिखल्या होतात.

२. कोरड्या टाचांना खोबरेल तेल लावावे. बेचक्यांत लावू नये.

३. घरातही अनवाणी फिरू नये. मे महिन्यात अंगणातला जांभा दगड तापतो आणि बधिर तळवा भाजतो.

४. पाणी किती गरम आहे, ते पायाने नव्हे, कोपराने पाहावे.

५. चप्पल-बूट घालण्यापूर्वी झटकावेत व आत हात फिरवावा. नवे पादत्राण संध्याकाळी घ्यावे. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

६. नखे सरळ कापावीत. कुरूप ब्लेडने कापू नये.

७. साखर ताब्यात ठेवावी, विडी-तंबाखू सोडावी आणि वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत.

जखम दाखवली, की आजोबा म्हणतील, “अरे, दुखत नाही ना, मग राहू दे!” तेव्हा गप्प बसू नका. “आजोबा, दुखत नाही, म्हणूनच दवाखान्यात जायचे,” असे प्रेमाने सांगा आणि त्याच दिवशी त्यांना घेऊन जाण्याचा आग्रह धरा. त्यांच्या पायांचा पहारेकरी झोपला आहे. आता तुम्ही जागे राहा.

शब्दार्थ
बधिर – स्पर्श न समजणारे
चिघळणे – जखम वाढत जाणे
बेचकी – दोन बोटांमधील जागा
अनवाणी – पायांत काही न घालता

स्वाध्याय
१. वेदनेला पहारेकरी का म्हटले आहे?
२. ‘दुखत नाही, म्हणूनच दवाखान्यात जायचे’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. उपक्रम : १४ नोव्हेंबर हा बालदिन आहे आणि जागतिक मधुमेह दिनही आहे. त्या दिवशी पायांच्या काळजीचे पाच नियम मराठीत व उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहा आणि घरी भिंतीवर लावा.