आंग्रियाची बोट आणि आंग्रियाचे प्रवाळ



आम्हा सोलापूरकरांचे पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव, हिप्परग्याचा तलाव आणि फार तर उजनीचे धरण. समुद्र आमच्यापासून लांब. विजयदुर्ग सरळ रेषेत मोजले तरी सुमारे ३०० किलोमीटरवर पडते. तेव्हा सोलापुरातल्या एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने प्रवाळांवर का लिहावे, असे तुम्हांस वाटेल. पण समुद्रात उतरल्यावर जे दिसते, आणि विशेषतः जे दिसत नाही, ते सारे तुमच्या प्रकाशाच्या धड्यातलेच आहे, हे मला एका सहलीत पटले. ती हकिकत आधी सांगतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई ते गोवा या मार्गावर 'आंग्रिया' नावाची एक पर्यटक नौका सुरू झाली. (पुढे ती फेरी बंद पडली.) जानेवारी २०१९ मध्ये आम्ही घरची मंडळी सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईस गेलो आणि त्या बोटीत बसलो. दुपारी निघालेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगावला लागत असे. संध्याकाळी वरच्या डेकवर आमच्याच बाजूचे एक गृहस्थ भेटले. बोटीच्या नावाची चर्चा निघाली तेव्हा मी म्हणालो, "कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून समुद्रात आंग्रिया बँकही आहे." ते म्हणाले, "सहकारी आहे का?"

त्यांची चूक नव्हती. सोलापुरात बँक म्हटले की दुसरे काय आठवणार? परंतु नाविकांच्या भाषेत बँक म्हणजे समुद्रतळावरचा उंचवटा, पाण्यात बुडालेले पठार. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर असे एक पठार आहे. दक्षिणोत्तर सुमारे ४० किलोमीटर आणि पूर्वपश्चिम सुमारे १५ किलोमीटर एवढा त्याचा पसारा. त्याचा माथा पाण्याच्या पृष्ठभागापासून अवघा २० मीटर खाली आहे, आणि त्या माथ्यावर जिवंत प्रवाळ आहेत. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. पण इंग्रजांच्या सागरी नकाशांत आंग्र्यांचे 'आंग्रिया' होऊन ते नाव या पठाराला चिकटले ते कायमचे.

आमची बोट किनारा धरून चालली होती. डेक पाण्यापासून १६ मीटर उंच धरला, तर क्षितिज किती दूर? उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणा, की उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. १६ चे वर्गमूळ ४, म्हणून सुमारे १४ किलोमीटर. ज्याच्याशी बोटीचे नाव जुळते ते प्रवाळपठार त्या क्षितिजापलीकडे, कितीतरी दूर, आणि वर २० मीटर पाण्याखाली. गाणी, जेवण, सूर्यास्ताची छायाचित्रे सारे झाले; प्रवाळ काही कुणी पाहिले नाहीत. म्हणून गोव्याला उतरल्यावर आम्ही एस.टी.ने मालवण गाठले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ साली तेथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले आहे.

आता प्रवाळ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आजीच्या अंगठीतले लाल पोवळे हा प्रवाळाचाच एक प्रकार, पण तो भित्ती बांधणारा नव्हे. भित्ती बांधणारा प्रवाळ हा लहानसा प्राणी असतो; तोंडाभोवती बारीक स्पर्शके असलेली जणू एक पिशवीच. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम घेऊन आपल्या खाली कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा रचतात. जिवंत थर वरचा, पातळ. खालचा सगळा दगड. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे मीटरभर उंचीचा घुमट दिसला तर त्याची सुरुवात सुमारे शंभर वर्षांपूर्वी झाली असे समजा.

या प्राण्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करते आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा घरमालकाला भाड्यादाखल देते. प्रवाळाचे रंगही बव्हंशी या शैवालामुळेच. म्हणून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाला प्रकाश हवाच. सुमारे ५० मीटरपेक्षा खोल पाण्यात त्याची वाढ मंदावते, आणि गढूळ पाण्यातही त्याचे हाल होतात. आंग्रिया पठार किनाऱ्यापासून एवढे लांब आहे की नद्यांचा गाळ तिथवर सहसा पोचत नाही. पाणी नितळ, म्हणून २० मीटरवरही प्रवाळांना उजेड मिळतो.

पण तो उजेड कसा असतो? येथे खरी गंमत आहे. मालवणला माझ्या मुलीने प्रशिक्षकाचा हात धरून, पाठीवर हवेची टाकी घेऊन सात-एक मीटर खोल बुडी मारली. तिच्या वेणीला लालभडक रिबीन होती. वर आल्यावर तिचे पहिले वाक्य, "बाबा, खाली माझी रिबीन काळपट दिसत होती! त्या काकांनी बॅटरी लावली तर पुन्हा लाल!"

शुद्ध पाणी सर्व रंग सारखेच शोषत नाही. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश पाण्यात दर दोन मीटरला जवळजवळ निम्मा होतो. हिशेब करा. दोन मीटरला निम्मा, चार मीटरला पाव, सहा मीटरला एक अष्टमांश. सात मीटरवर दहावा हिस्साही उरत नाही. रिबीन लाल दिसते ती लाल प्रकाश परत पाठवते म्हणून. पाठवायला लालच नसेल तर ती बिचारी काय पाठवणार? बॅटरीचा प्रकाश मात्र हातभर अंतरावरून येतो, त्यातला लाल शाबूत असतो. आता आंग्रियाच्या माथ्यापर्यंत जा. २० मीटर म्हणजे दहा वेळा निम्मे. २ चा दहावा घात १०२४. म्हणजे पृष्ठभागावरच्या लाल प्रकाशाचा हजारावा हिस्सा तिथे पोचतो. निळा प्रकाश मात्र नितळ समुद्रात तेवढ्या खोलीवर बराचसा टिकून असतो. तेथील प्रवाळाचे शैवाल प्रामुख्याने या निळ्या-हिरव्या उजेडावर आपला संसार चालवते.

मी स्वतः बुडी मारली नाही. काचेचा मुखवटा लावून पाण्यावर पालथा तरंगत राहिलो. खाली 'पोराइटिस' जातीच्या प्रवाळाचा एक पिवळट गोळा दिसला. अगदी हाताशी. अपवर्तनाचा धडा अनेक वर्षे शिकवत आलेला हा शिक्षक चटकन् हात पुढे करता झाला, आणि हात पाण्यात नुसताच चाचपडला. समुद्राच्या पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ४/३. मुखवट्यातल्या हवेतून पाहताना वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर असल्यासारखी वाटते. गोळा सव्वा मीटरवर असणार. मला तो मीटरभराहूनही कमी अंतरावर वाटला. तेवढ्यात मार्गदर्शकाने माझा दंड धरून मागे ओढले व वर आल्यावर चांगलेच सुनावले. प्रवाळाचा जिवंत थर इतका नाजूक असतो की बोट घासले तरी इजा होते. त्या दिवशी स्नेलच्या नियमाने तो गोळा माझ्यापासून वाचवला, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. हसू देत.

मग आंग्रियालाच का जाऊ नये, बोट थेट पठारावर का नेऊ नये, हा प्रश्न मला मुलांनी पुष्कळदा विचारला आहे. दोन अडचणी सांगतो.

पहिली दाबाची. दर दहा मीटर पाण्याला एक वातावरण दाब वाढतो. २० मीटरवर एकूण तीन वातावरणे. बॉइलच्या नियमाप्रमाणे तिथे फुप्फुसात भरलेली सहा लिटर हवा वर येताना अठरा लिटर व्हायला पाहते. श्वास रोखून वर येणाऱ्याचे फुप्फुस फाटू शकते. म्हणून ही बुडी शिकलेल्या पाणबुड्यांचे काम. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची संस्था हे शिक्षण देते. सहलीला आलेल्या शेकडो प्रवाशांचे ते काम नव्हे.

दुसरी अडचण नांगराची. वीस मीटर पाण्यात मोठी बोट सहज नांगर टाकू शकते, हेच भय आहे. नांगराच्या साखळीची लांबी पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट सोडावी लागते. वारा फिरला की बोट फिरते आणि तळावर पडलेली साखळी झाडूसारखी फिरते. वर्षाला सेंटिमीटरभर वाढणारी वस्तू ती काही मिनिटांत झाडून टाकते. माझे मत विचाराल तर आंग्रिया पठाराच्या वाट्याला पर्यटक नौका जाऊच नये. तिथे संशोधकांनी जावे.

बोटीचा प्रवास आणि प्रवाळदर्शन यांची सांगड हवीच असेल, तर ती लक्षद्वीपमध्ये बसते. कोचीहून प्रशासनाची जहाजे जातात. २०२१ पासून मुंबईहूनही पर्यटक नौका तिकडे जाऊ लागल्या. प्रवेशासाठी परवाना लागतो. ही बेटे कंकणद्वीपे आहेत : भोवती प्रवाळभित्तीचे कडे, आत उथळ सरोवर. मोठे जहाज भित्तीबाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवासी लहान होडीतून आत जातात. काचेच्या तळाच्या होडीतून पाय न भिजवता प्रवाळ पाहता येतात.

अशी कडी कशी झाली? चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये याचे उत्तर दिले. ज्वालामुखीच्या बेटाभोवती प्रवाळ वाढतात. बेट सावकाश खचते. प्रवाळ उजेडासाठी वर वर बांधत जातात. शेवटी बेट बुडते, कडे उरते. १९५२ साली पॅसिफिकमधील एनिवेटोक या कंकणद्वीपावर खोल छिद्र पाडले, तेव्हा सव्वा हजार मीटरहून जास्त चुनखडीखाली बेसॉल्ट लागला. लक्षद्वीपाखालीही असाच ज्वालामुखीजन्य पर्वतकणा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोताने दख्खनचा काळा पत्थर ओतला, त्याच स्रोतावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकताना तो कणा तयार झाला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. तुमच्या शाळेमागचा काळा खडक आणि लक्षद्वीपाचा पाया हे असे एकाच घरचे.

आणि दुसरे नातेही आहे. सोलापुरातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. शहाबाद आपल्या रेल्वेमार्गावर, वाडीच्या अलीकडे. ती फरशी म्हणजे फार प्राचीन समुद्रात साचलेली चुनखडी. ती प्रवाळांची नव्हे, पण रसायन तेच : कॅल्शियम कार्बोनेट. पडलेल्या फरशीचा तुकडा घ्या, खिळ्याने खरवडून थोडी पूड करा आणि तिच्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. (घरातल्या फरशीवर हा प्रयोग करू नये, डाग पडतो आणि आईचे बोलणे खावे लागते.)

आम्ल चुनखडीला खाते. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून सौम्य आम्लच बनते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातल्यावर ती दुधाळ होते, हे तुम्ही पाहिले आहे. पण पुष्कळ जण तिथेच थांबतात. आणखी फुंकत राहा. दुधाळपणा हळूहळू नाहीसा होतो, कारण तयार झालेले कार्बोनेट विरघळून बायकार्बोनेट होते. औद्योगिक क्रांतीपासून समुद्रपृष्ठाचा पीएच ८.२ वरून सुमारे ८.१ वर आला आहे. ०.१ म्हणजे किरकोळ वाटते, परंतु हे मोजमाप लॉगॅरिथमचे आहे : हायड्रोजन आयनांचे प्रमाण जवळजवळ सव्वापट झाले. समुद्राचे पाणी त्यामुळे आम्लधर्मी झालेले नाही, पण प्रवाळाला सांगाडा रचणे जड जाऊ लागते.

याहून तातडीचा घाव उष्णतेचा. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, की शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणात बिघाड होऊन घातक ऑक्सिजन-संयुगे तयार होतात, आणि प्रवाळ त्या भाडेकरूला बाहेर काढतो. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते. नाहीतर प्रवाळ उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी असे झाले. वर्षांमधली अंतरे काढून पाहा : बारा, सहा, आठ. मरून गेलेली भित्ती पुन्हा सावरायला दहा-वीस वर्षे सहज लागतात.

सहल नेणाऱ्या शिक्षकबंधूंना एवढेच सुचवतो की मालवणला पावसाळ्यानंतर, समुद्र शांत असताना जावे, मुलांना पाण्यात पाय टेकू देऊ नये आणि माशांना पाव टाकण्याची हौस आवरावी.

आम्ही निघालो त्या सकाळी मुलीला वाळूत जाळीदार पांढरा प्रवाळाचा तुकडा सापडला. तो तिला शाळेत न्यायचा होता. भित्ती बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडाही उचलून आणता येत नाही, हे मी तिला सांगितले. ती थोडी हिरमुसली, आणि मग तो तिने भरतीच्या रेषेच्या खाली नेऊन ठेवला. प्रयोगशाळेत बुडबुडे दाखवायला मी शहाबादी फरशीचाच तुकडा वापरतो.