मातावाईचा उपसागर आणि आमचा नीरफणस
(इयत्ता चौथी)

मातावाई हे देवीचं नाव नाही. मलाही आधी तसंच वाटलं होतं. तो एक उपसागर आहे, पण बंगालच्या उपसागराएवढा मोठा नाही, लहानसाच. पॅसिफिक महासागरात ताहिती नावाचे बेट आहे, त्याच्या उत्तर किनाऱ्यावर तो आहे. माझे काका मालवाहू बोटीवर नोकरीला आहेत. त्यांची बोट ताहितीच्या पापीते बंदरात लागली तेव्हा ते मातावाईला जाऊन आले. गणपतीला घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. बाकीचे मी गुरुजींना विचारून लिहिले आहे.

वर्गातल्या पृथ्वीच्या गोलावर बघा. रत्नागिरी विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १७ अंशांवर आहे आणि मातावाई दक्षिणेला सुमारे साडेसतरा अंशांवर. म्हणून तिथेही नारळ, केळी, फणसासारखी झाडे होतात. फक्त ऋतू उलटे. आपल्याकडे सोमवारचे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिथे रविवारचे दुपारचे साडेचार असतात! म्हणजे आपली प्रार्थना होते तेव्हा त्यांचा रविवार अजून संपलेलाच नसतो.

तिथली वाळू काळी आहे, कारण बेट ज्वालामुखीच्या खडकाचे आहे. काका अनवाणी चालले तर पाय भाजले. टोकाला पांढरे दीपगृह आहे. त्या टोकाला शुक्राचे टोक म्हणतात. का ते ऐका.

१७६९ साली इंग्रज कप्तान कुक एंडेव्हर नावाचे जहाज घेऊन तिथे आला. ३ जून रोजी शुक्र सूर्यासमोरून जाणार होता. सूर्यावर काळा ठिपका सरकताना दिसतो, त्याला शुक्राचे अधिक्रमण म्हणतात. त्यावरून सूर्य किती लांब आहे ते काढता येते. कसे? गुरुजींनी आम्हाला करून दाखवलं. हात लांब करून अंगठा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा फळ्यावर सरकल्यासारखा दिसतो ना? तसाच पृथ्वीवरच्या दोन लांबच्या ठिकाणांहून तो ठिपका थोडा वेगळ्या जागी दिसतो. त्या दिवशी आकाश स्वच्छ होते. तरी कुक आणि त्याच्या माणसांच्या वेळा जुळल्या नाहीत, कारण ठिपका सूर्याच्या कडेला थेंबासारखा चिकटलेला दिसला. पण जगभरची मापे एकत्र केल्यावर अंतर बरेचसे बरोबर आले. ते सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. असे अधिक्रमण २०१२ साली झाले, तेव्हा मी जन्मले नव्हते. पुढचे २११७ साली आहे. मग काय उपयोग!

आता झाडाची गोष्ट. आमच्या परसात नीरफणस आहे. आई त्याचे काप करते. ताहितीचे लोक ते फळ विस्तवावर भाजून खातात आणि त्याला उरू म्हणतात. १७८८ साली कप्तान ब्लाय बाउंटी जहाज घेऊन मातावाईला आला, तो ही झाडे न्यायला. त्याने १०१५ रोपे जहाजावर चढवली. ती वेस्ट इंडिज बेटांवर न्यायची होती. तिथे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम उसाच्या मळ्यात राबत. त्यांचे पोट स्वस्तात भरावे म्हणून हे फळ. पण वाटेत १७८९ साली खलाशांनी बंड केले. त्यांनी ब्लाय आणि १८ जणांना लहान होडीत सोडून दिले आणि रोपे समुद्रात फेकली. ब्लाय वाचला. १७९३ साली दुसऱ्या जहाजातून त्याने रोपे पोचवलीच. गुलामांना ते फळ आधी आवडलेच नाही. आमचे काप खाल्ले असते तर आवडले असते असे मला वाटते.

काका सांगत होते तेव्हा आजी तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "झाडं नेली, मापं नेली. त्या माणसांना काय दिलं रे?"

काका म्हणाले, "लोखंड. खिळे, कुऱ्हाडी. तिकडे लोखंड नव्हतं. एका खिळ्याला खाण्याचे पदार्थ मिळायचे." मग थोडं थांबून म्हणाले, की १७६७ साली पहिले इंग्रज जहाज आले तेव्हा त्यांनी तोफा डागल्या आणि पुष्कळ माणसे मेली. नंतर बाहेरचे रोग आले, त्यांत आणखी मेली.

आजी काही बोलली नाही. तिने सूप खाली ठेवलं.

नीरफणसाला बी नसते. मुळाला रोप फुटते, तेच लावतात. आमच्याकडे एक फुटले आहे. पावसाळ्यात गुरुजी ते शाळेच्या कुंपणाशी लावणार आहेत. पालकांनी तेवढी गुरे आवरावीत.