कंबरेचे बळ

मोठे काम अंगावर घेणारा ‘कंबर कसतो’, आणि धीर सुटलेल्या माणसाची ‘कंबर खचते’. कंबरेचे महत्त्व भाषेनेही असे ओळखले आहे.

कंबरेच्या भागात कण्याचे ५ मणके असतात. वरच्या शरीराचा भार त्यांना पेलावा लागतो. म्हणूनच ते इतर मणक्यांहून मोठे असतात. परंतु तंबूचा खांब जसा ताणलेल्या दोरांवाचून उभा राहत नाही, तसा कणाही पाठीच्या व पोटाच्या स्नायूंवाचून ताठ राहत नाही. सदा बसून राहणाऱ्याचे हे स्नायू दुबळे होतात.

ते बळकट करण्यास घरातील एक सतरंजी पुरे. प्रथम पालथे निजावे. तळहात छातीच्या दोन्ही बाजूंस टेकून, पाठीच्या बळाने डोके व छाती सावकाश उचलावी. नाभी जमिनीवरच असावी. हे भुजंगासन. मग उताणे निजून, गुडघे मोडून, पावले टेकलेली ठेवून कंबर वर उचलावी. हे सेतुबंधासन. प्रत्येक स्थितीत तीन-चार श्वास थांबावे. हिसका देऊ नये. वेदना झाल्यास तत्काळ थांबून वडील माणसांस सांगावे.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापून अशा आसनांचा शास्त्रीय अभ्यास चालविला.

एक दिवस शंभर वेळा व्यायाम करून आठवडाभर स्वस्थ बसणाऱ्यापेक्षा रोज दहा मिनिटे देणाराच बळ मिळवितो. लावणी करणारा शेतकरी असो वा अभ्यास करणारा विद्यार्थी, त्याचे काम अखेर कंबरेच्या आधारानेच तडीस जाते.

स्वाध्याय
१. कण्याला तंबूच्या खांबाची उपमा का दिली आहे?
२. ‘कंबर कसणे’ व ‘कंबर खचणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.