हटत नाही ती पाठदुखी



रोपलावण आणि भांगलण झाली की पाठ दुखत नाही असा शेतकरी विरळा. आपण तेल चोळून घेतो, शेक घेतो, दुकानातून गोळी आणतो. बहुधा तेवढ्याने भागते. परंतु आजाऱ्यांच्या भेटीस जाताना आम्ही पाहतो की कित्येक वडीलधारी माणसे महिनोन् महिने नुसत्या गोळ्यांवर दिवस काढतात. त्यांच्यासाठी हा लेख.

रक्ताचा कर्करोग म्हटले की ताप, गाठी किंवा रक्तस्राव डोळ्यांपुढे येतो. पण त्याचा एक प्रकार पाठदुखी होऊन येतो. त्याचे नाव ‘मल्टिपल मायलोमा’. तो बहुधा पन्नाशी-साठीनंतर होतो.

आपल्या हाडांच्या पोकळीतील मगजात रक्त तयार होते. रोगाशी लढणारी द्रव्ये बनवणाऱ्या काही पेशीही तेथेच असतात. या रोगात त्या पेशी शेतातील तणासारख्या माजतात. मग चांगले रक्त कमी पडते, हाडे वाळवी लागलेल्या वाशासारखी पोकळ होतात आणि पेशींनी सोडलेले निरुपयोगी प्रथिन मूत्रपिंडात अडकते.

१८४५ साली लंडनमधील एका व्यापाऱ्याच्या अंगातील वेदनांचे कारण उमगत नव्हते. त्याची लघवी डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी तपासली तेव्हा तीत हे निराळे प्रथिन सापडले. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पाठदुखीबरोबर पुढीलपैकी काही आढळल्यास डॉक्टरांकडे जावे :

१) विश्रांती घेऊनही सहा आठवड्यांत न थांबणारे किंवा रात्री झोपमोड करणारे दुखणे.
२) फिकेपणा, दम लागणे, वजन घटणे.
३) वारंवार न्यूमोनियासारखे आजार होणे.
४) फार तहान, बद्धकोष्ठ, लघवीला फेस.
५) किरकोळ धक्क्याने हाड मोडणे.

पायांतील बळ गेले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. मणका खचून मज्जारज्जू दबला असेल, तर उशिराने पाय कायमचे जातात.

दोन चुका टाळाव्यात. अशा पाठीवर कोणाकडूनही दाब देऊन घेऊ नये किंवा मणके बसवून घेऊ नयेत. पोखरलेला मणका मोडतो. दुसरे, डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळ्या घेत राहू नये. आधीच अडचणीत असलेली मूत्रपिंडे त्यांनी निकामी होऊ शकतात.

निदानाची सुरुवात साध्या तपासण्यांनी होते : हिमोग्लोबिन, ई.एस.आर., क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि हाडांचा एक्स-रे. संशय आल्यास रक्त व लघवीतील प्रथिनांची ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ चाचणी करतात आणि कमरेच्या हाडातून मगज काढून तपासतात. सुई टोचण्यापूर्वी जागा बधिर करतात, भिऊ नये.

हा रोग सहसा समूळ जात नाही, हे खरे. पण बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड व डेक्सामेथासोन या औषधांनी तो आवरता येतो. प्रकृती धडधाकट असेल त्यांना स्वतःच्याच मूळ पेशींचे प्रत्यारोपण करता येते. अनेक रुग्ण पुढे कित्येक वर्षे हिंडतेफिरते राहतात. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व बंगळुरूची किडवाई संस्था येथे यावर उपचार होतात. जाताना जुने रिपोर्ट, रेशनकार्ड आणि सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड सोबत न्यावे.

प्रत्येक पाठदुखी कर्करोग नसते. बहुतेक श्रमाचीच असते. म्हणून घाबरू नये. पण घरातील आजीआजोबा “वयाचेच दुखणे हे” म्हणून गप्प बसले असतील, तर या आठवड्यात त्यांना रक्त तपासायला घेऊन जावे. बैल लंगडला तर आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. माणसासाठी तरी का पाहावी?